सीडीएमए सोडणारी नोकिया आणि मोडेम विकणारी नोकिया

बिनतारी (धागाकर्ता)

"नोकियाने अँड्रॉइड घेतलं नाही म्हणून बुडाली" हे वाक्य परवा आणखी एका धाग्यावर वाचलं. अँड्रॉइड, सिम्बियन, विंडोज यांवर लोकांनी इतकं लिहून ठेवलंय की त्यात मी भर घालत नाही. मला बोलायचंय ते कोणतं काम घरात ठेवायचं आणि कोणतं बाहेर द्यायचं याबद्दल. नेटवर्कचं मानक बदलत असताना नोकियाने हा निर्णय दोनदा घेतला. माझ्या मते पहिला बरोबर होता, दुसरा साफ चुकला. पण दोन्हींच्या मागचं गणित एकच होतं!

पहिला निर्णय २००६ चा. तेव्हा मोबाईल नेटवर्कच्या दोन तंत्रांवरून जग दोन गटांत विभागलं होतं. युरोप आणि बहुतेक आशिया जीएसएमकडे. अमेरिकेत व्हेरायझन आणि स्प्रिंट, कोरिया, जपानमधली केडीडीआय आणि आपल्याकडे रिलायन्स, टाटा इंडिकॉम हे सीडीएमएकडे. रिलायन्सचा जुलै २००३ चा ५०१ रुपयांचा 'मान्सून हंगामा' आठवत असेल तर तुम्ही माझ्याच पिढीचे. जीएसएममध्ये नोकिया राजा होती. सीडीएमएमध्ये मात्र सॅमसंग, एलजी, मोटोरोला पुढे आणि नोकिया मागून धापा टाकत.

कारण क्वालकॉम ही अमेरिकन चिप कंपनी. सीडीएमएची मूळ पेटंट त्यांची, चिपसुद्धा त्यांच्याच. रॉयल्टी टळणार नाही, पण निदान चिप तरी त्यांची नको, म्हणून नोकियाने सीडीएमएची चिप स्वतः तयार करून घेतली. त्यासाठी इंजिनिअर बसवले कुठे, तर सॅन डिएगोत, क्वालकॉमच्याच गावात! हट्ट म्हणून भारी, पण धंदा म्हणून महाग. जीएसएमचा एक फोन तयार केला की शंभर देशांत खपायचा. सीडीएमएचा फोन प्रत्येक ऑपरेटरसाठी वेगळा घडवायचा, त्यांच्या चाचण्यांतून पास करून घ्यायचा, आणि मग तो त्याच ऑपरेटरच्या दुकानात विकला जाणार. त्यात ईव्ही-डीओ, म्हणजे सीडीएमएचं वेगवान इंटरनेट, आलं तेव्हा नोकियाची गाडी चुकली.

फेब्रुवारी २००६ मध्ये नोकियाने जपानच्या सान्योबरोबर सीडीएमए फोनची संयुक्त कंपनी काढायचं जाहीर केलं. चार महिन्यांत, जूनमध्ये, बेत रद्द. सोबत घोषणा: सीडीएमएचं स्वतःचं संशोधन आणि उत्पादन एप्रिल २००७ पर्यंत गुंडाळणार, निवडक मॉडेल दुसऱ्यांकडून करून घेऊन त्यावर नोकियाचं नाव लावणार. अमेरिकेतला बाजार घालवला म्हणून तेव्हा टीका झाली. पण पुढचं बघा. नोव्हेंबर २००७ मध्ये खुद्द व्हेरायझनने चौथ्या पिढीसाठी एलटीई निवडलं, जे जीएसएमच्या घराण्यातलं. क्वालकॉमने स्वतःचं यूएमबी नावाचं चौथ्या पिढीचं मानक नोव्हेंबर २००८ मध्ये सोडून दिलं. भारतात ऑक्टोबर २००७ मध्ये एकाच ऑपरेटरला दोन्ही तंत्रं वापरायची मुभा मिळाली आणि रिलायन्स, टाटा दोघेही जीएसएमकडे वळले. सीडीएमएची वाट पुढे बंद होती आणि ते नोकियाला आधी दिसलं. त्यात पैसा न ओतता काम बाहेर दिलं, छान केलं.

आता दुसरा. फोनमधला मोडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, नोकिया वर्षानुवर्षं स्वतः डिझाइन करत होती. चिप बनवायचं काम मुख्यतः टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे. ऑगस्ट २००७ मध्ये धोरण बदललं: ब्रॉडकॉम, इन्फिनिऑन, एसटी मायक्रो यांच्याकडूनही चिप घ्यायच्या. इथवर ठीक, एकाच पुरवठादारावर कशाला विसंबायचं. पण जुलै २०१० मध्ये अख्खा मोडेम विभागच जपानच्या रेनेसास या चिप कंपनीला सुमारे २० कोटी डॉलरला विकायचं ठरलं. सोबत सुमारे ११०० इंजिनिअर.

ती वेळ लक्षात घ्या. जगातली पहिली व्यावसायिक एलटीई सेवा डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लोमध्ये सुरू झाली होती. म्हणजे नवं मानक जेमतेम बाजारात येतंय आणि यांनी मोडेम विकला. विचार तोच, २००६ चा: हे काम आता कुणीही करून देईल, आपण सॉफ्टवेअर आणि सेवांकडे बघू. पण सीडीएमए संपत आलेलं होतं आणि एलटीईचा तर श्रीगणेशा होत होता.

नंतर फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टचा हात धरला. विंडोज फोन तेव्हा फक्त क्वालकॉमच्या चिपवर चालायचा. झालं! रेनेसासने ज्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर मोडेम घेतला ते गिऱ्हाईकच गेलं. आणि जिच्या चिप नकोत म्हणून सॅन डिएगोत तळ ठोकला होता, तिच्याच चिपवर नोकियाचा प्रत्येक ल्युमिया, म्हणजे विंडोज फोन.

तुम्हाला काय वाटतं? मोडेम ठेवला असता तर काही फरक पडला असता का?

बंड्या_कट्ट्यावरचा

मस्त धागा. त्या काळातल्या सीडीएमए फोनमध्ये सिमच नसायचं, नंबर हँडसेटमध्येच घातलेला. फोन बदलायचा तर कंपनीच्या दुकानात रांग. माझा मित्र जीएसएमचं सिम या फोनमधून त्या फोनमध्ये घालायचा आणि मी बघत बसायचो. घरात अजून एक नोकिया ३१०५ पडलाय, चार्ज होतो. त्याचा काही उपयोग?

बिनतारी

घड्याळ आणि गजर. भारतात सीडीएमए नेटवर्क उरलेलं नाही, आणि व्हेरायझननेही २०२२ च्या अखेरीस त्यांचं बंद केलं.

स्पेक्ट्रमवाली

लेख आवडला, पण एक दुवा राहिला. सीडीएमए सोडलं म्हणून क्वालकॉमपासून सुटका झाली असं वाचकाला वाटेल. तसं नाही. युरोपने जीएसएमनंतर जे थ्रीजी निवडलं, डब्ल्यूसीडीएमए, त्याच्या आतही तीच कल्पना: सगळे एकाच वेळी एकाच पट्ट्यात बोलतात आणि प्रत्येकाचा संकेत वेगळा. त्यामुळे पेटंटचा हिशेब तिथेही होताच.

आणि तारखा जुळवून बघा. नोकिया-क्वालकॉम परवाना कराराचा महत्त्वाचा भाग एप्रिल २००७ मध्ये संपत होता. सीडीएमएचं काम गुंडाळायची मुदतही एप्रिल २००७. मला हा योगायोग वाटत नाही. समोरच्याशी घासाघीस करायला बसायचं असेल तर ज्या बाजारात आपण त्याच्यावर सर्वांत जास्त अवलंबून आहोत तो आधीच सोडून बसलेलं बरं. नंतर दोघांनी एकमेकांवर खटले भरले, अगदी खंडोखंडी, आणि जुलै २००८ मध्ये १५ वर्षांचा करार करून मिटवलं. म्हणजे २००६ च्या निर्णयात तंत्रज्ञानाची दूरदृष्टी किती आणि वकिलांचा सल्ला किती, हे तुम्ही पहिल्याच्या बाजूने जरा जास्तच झुकवलंय.

खडूस_काका

बाहेर काम देण्यावर बोलताय आणि एरिक्सनचं नाव नाही? पोराहो, सुरुवात तिथून करा.

मार्च २००० मध्ये अमेरिकेत अल्बुकर्कीला फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडली, छोटी आग लागली. दहा-पंधरा मिनिटांत विझली. पण धूर आणि पाण्याने चिप बनवायच्या धूळविरहित खोल्यांची वाट लागली. नोकिया आणि एरिक्सन, दोघेही तिथून चिप घेत. नोकियाने पहिल्या काही दिवसांतच माणसं कामाला लावली, दुसऱ्या ठिकाणांहून माल उचलला, डिझाइनमध्ये बदल केले. एरिक्सन "होईल आठवड्यात सुरू" म्हणत बसली, आणि त्या चिपला त्यांच्याकडे दुसरा पर्यायही नव्हता.

त्या वर्षी एरिक्सनच्या फोन विभागाला १,६०० कोटी स्वीडिश क्रोनांच्या आसपास तोटा झाला. सगळा आगीमुळे नाही हो, मॉडेलही फसली होती. जानेवारी २००१ मध्ये त्यांनी फोन बनवायचं काम फ्लेक्सट्रॉनिक्स या कंत्राटी उत्पादकाला देऊन टाकलं, कारखान्यांसकट. ऑक्टोबरमध्ये सोनीबरोबर सोनी एरिक्सन. पण बिनतारी, तुमच्या मुद्द्याला हे लागू पडतं बघा: जीपीआरएस, म्हणजे टूजीवरचं इंटरनेट, येत होतं, थ्रीजी दारात होतं, आणि एरिक्सनने कारखाने दिले पण मोडेमचं ज्ञान दिलं नाही. ते वेगळ्या कंपनीत ठेवलं आणि इतर फोनवाल्यांना परवान्यावर विकलं.

औलूकर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. फिनलंडमधल्या औलूत राहतो, रेडिओच्याच क्षेत्रात आहे, त्यामुळे राहवलं नाही.

ते ११०० लोक फिनलंड, भारत, ब्रिटन आणि डेन्मार्कमध्ये विखुरलेले होते. बरेचसे इथले. एका दुपारी त्यांच्या बिल्ल्यावरचं नाव बदललं, टेबल तेच राहिलं. २०१३ मध्ये रेनेसासने हात वर केले. मग ब्रॉडकॉमने त्यातला एलटीईचा भाग १६ कोटी ४० लाख डॉलरला घेतला, पुन्हा बिल्ला बदलला. जून २०१४ मध्ये ब्रॉडकॉमनेही मोडेम सोडायचं जाहीर केलं. त्याच उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्टने इथलं फोनचं केंद्र बंद करायचं ठरवलं. गाव लहान, लोकवस्ती दोन लाखांच्या आसपास. सुपरमार्केटात भेटणारा प्रत्येक दुसरा माणूस एलटीईवाला आणि बेकार, अशी स्थिती होती.

पण तुम्ही लोक नोकिया संपली असं गृहीत धरून लिहिताय ते इथे बसून गमतीशीर वाटतं. फोन गेले, टॉवरवरची यंत्रणा गेली नाही. बेस स्टेशनचा कारखाना औलूतच आहे आणि चालू आहे. त्या वेळी बाहेर पडलेल्या मोडेमवाल्यांपैकी बरेच तिकडे गेले, काहींनी छोट्या कंपन्या काढल्या. विकलं ते मोडेम. माणसं काही रेनेसासबरोबर जपानला गेली नाहीत.

अवांतर: नोकियाच्या नेटवर्क कंपनीने, नोकिया सिमेन्सने, एप्रिल २०११ मध्ये मोटोरोलाचा नेटवर्क विभाग ९७ कोटी ५० लाख डॉलरला घेतला. त्यात सीडीएमए नेटवर्कही आलं. फोनमधून हाकललेलं सीडीएमए टॉवरवर सन्मानाने नांदलं!

बंड्या_कट्ट्यावरचा

हे भारी आहे :) :)

फॅबलेस

वरच्या सगळ्यांशी, विशेषतः धागाकर्त्याशी, असहमत. चिपच्या धंद्यात आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

"मोडेम ठेवायला हवा होता" म्हणणं सोपं आहे. ठेवून कोण जगलं ते मोजा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २००८ मध्ये बेसबँडमधून, म्हणजे मोडेम चिपच्या धंद्यातून, बाहेर पडायचं जाहीर केलं. फ्रीस्केलनेही त्याच वर्षी. खडूस काकांच्या एरिक्सनचं ते परवान्यावर विकलेलं ज्ञान २००९ मध्ये एसटी-एरिक्सनमध्ये गेलं आणि ती कंपनी २०१३ मध्ये विसर्जित झाली. एन्व्हिडियाने २०११ मध्ये आयसेरा ही मोडेम कंपनी घेतली, २०१५ मध्ये मोडेम बंद. ब्रॉडकॉमचं औलूकरांनी सांगितलंच. इंटेलने इन्फिनिऑनचा विभाग घेतला, अॅपलसारखं गिऱ्हाईक मिळवलं आणि तरी २०१९ मध्ये फोनचं मोडेम सोडलं. उरले कोण? क्वालकॉम, मीडियाटेक, सॅमसंग, हुआवे आणि युनिसॉक.

का मरतात? कारण मोडेममध्ये नवं मानक जुन्याच्या जागी येत नाही, त्याच्या डोक्यावर येऊन बसतं. एलटीईचा फोन एलटीईच्या पट्ट्याबाहेर गेला की थ्रीजीवर, तिथून टूजीवर उतरला पाहिजे, चालू कॉल न तुटता. प्रत्येक देशाच्या लहरी वेगळ्या. प्रत्येक कंपनीच्या टॉवरची वागणूक थोडी वेगळी, मानकाच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो. हे प्रयोगशाळेत कळत नाही. गाडीत फोन भरून शहराशहरांत हिंडावं लागतं, महिनोन्‌महिने. हा खर्च एक कोटी चिप विकल्या तरी तेवढाच आणि पन्नास कोटी विकल्या तरी तेवढाच. २०११ पासून नोकियाचे स्मार्टफोन ज्या वेगाने घसरले, त्या आकड्यांवर हा खर्च कुठल्याही हिशेबनिसाने मंजूर केला नसता. त्यांनी विकला तेव्हा निदान २० कोटी तरी मिळाले. तीन वर्षांनी तेही मिळाले नसते.

बिनतारी

@फॅबलेस, यादी मान्य, निष्कर्ष नाही. तुमच्या यादीतले जवळपास सगळे चिप विकणारे आहेत, ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. उरलेल्यांमध्ये सॅमसंग आणि हुआवे बघा, दोघेही फोन बनवणारे. स्वतःचा फोन हेच त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. २०१० मध्ये नोकियाकडे जगातल्या कुणाहीपेक्षा मोठं हक्काचं गिऱ्हाईक होतं, स्वतःच. आकडे घसरले ते नंतर, आणि काही अंशी म्हणूनच घसरले: मोडेम दुसऱ्याचा झाल्यावर नवीन फोन कधी काढायचा हे चिपवाल्याचं वेळापत्रक ठरवतं.

@औलूकर, बिल्ल्याचं वाचून गप्प झालो. तुम्ही सविस्तर लिहाच वेगळ्या धाग्यात.

स्पेक्ट्रमवाली

फॅबलेस यांचा "डोक्यावर येऊन बसतं" हा मुद्दा धागाकर्त्याच्या पहिल्या निर्णयालाच लागतो, हे कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

व्हेरायझनने २००७ मध्ये एलटीई निवडलं, म्हणून सीडीएमए सोडणं बरोबर ठरलं असं बिनतारी म्हणतात. पण व्हेरायझनचं एलटीई डिसेंबर २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा ते फक्त डेटासाठी होतं. आवाज जुन्या सीडीएमएवरूनच, आणि पुढे काही वर्षं तसंच. म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ऑपरेटरला एलटीई फोन विकायचा तर त्यात सीडीएमए हवंच. दोन्ही एकत्र व्यवस्थित जमणारी कंपनी कोण? क्वालकॉम. नोकियाचा मोडेम कितीही उत्तम असता तरी त्या दाराबाहेरच थांबला असता. मग ज्याला तुम्ही दुसरी चूक म्हणता तिची मुळं पहिल्या 'बरोबर' निर्णयात नाहीत का?

बिनतारी

मोठा मुद्दा आहे. पण उत्तर आहे. २०१२ च्या अखेरीस नोकिया व्हेरायझनकडे ल्युमिया ८२२ घेऊन गेलीच, क्वालकॉमच्या चिपवर. सीडीएमए हवं असेल तिथे तेवढ्या मॉडेलपुरती चिप विकत घ्यायची, बाकी जगासाठी स्वतःची. सॅमसंगने हेच केलं, एकाच गॅलेक्सीच्या दोन आवृत्त्या: अमेरिकेत क्वालकॉम, इतरत्र बहुतेक ठिकाणी स्वतःची. नोकियाने २००६ मध्ये सीडीएमए घरी ठेवलं असतं तर व्हेरायझनचं दार उघडायला पाच-सहा वर्षं तोट्यात चिप तयार करत बसावं लागलं असतं. त्यापेक्षा विकत घेणं स्वस्त. दुसऱ्या निर्णयात मात्र 'बाकी जगासाठी स्वतःची' हा पर्यायच उरला नाही.

लोहगावचा

चर्चा उच्च दर्जाची चाललीय, जरा आपल्या मातीत आणतो. हाच खेळ २०१६ मध्ये आपल्या कंपन्यांबरोबर झाला.

मायक्रोमॅक्स, कार्बन, इंटेक्स, लावा. २०१४ च्या सुमारास मायक्रोमॅक्स भारतात सॅमसंगच्या तोडीस तोड होती. मॉडेल सरळ होतं: शेनझेनच्या डिझाइन हाउसकडून तयार फोन निवडायचा, आपलं नाव छापायचं, जाहिरात आणि दुकानदाराचं कमिशन आपण बघायचं. थ्रीजीच्या काळात चाललं, कारण मानक स्थिर होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. त्यांच्याकडे टूजी-थ्रीजी नाहीच, आवाजसुद्धा व्होएलटीईवर, म्हणजे फोरजीवरूनच. थ्रीजी फोनला तिथे जागाच नाही, आणि साध्या फोरजी फोनलाही व्होएलटीई नसेल तर जिओच्या अॅपशिवाय कॉल लागणार नाही. दुकानांत थ्रीजीचा माल पडून, पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये नोटबंदी. शाओमी, ओप्पो, विवो यांच्याकडे घरचे इंजिनिअर आणि फोरजीचे फोन तयार होते. वर्षा-दीड वर्षात चित्र पालटलं.

नोकियाने विचार करून काम बाहेर दिलं. आपल्यावाल्यांनी ते घरात कधी आणलंच नव्हतं.

खडूस_काका

लोहगावकर, नोटबंदीवर सगळं ढकलणारे पुष्कळ भेटतात, तुम्ही क्रम बरोबर लावलात. जिओने पुढच्या वर्षी १५०० रुपये अनामत ठेवून जिओफोन काढला, तोही दुसऱ्यांकडूनच बनवून घेतलेला. पण त्यांना चाललं, कारण नेटवर्क त्यांचं होतं. मानक ठरवणाराच फोन बाहेरून करून घेतोय तेव्हा भीती कसली.

कापूसकोंड्या

चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदुरचा नोकियाचा कारखाना पण याच विक्रीत गेला ना? तिथे आमच्या ओळखीतली मुलं होती.

बिनतारी

नाही. तो उलट मागे राहिला. जानेवारी २००६ मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं. २०१४ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला तेव्हा करविभागाशी वाद चालू असल्यामुळे हा कारखाना व्यवहारातून वगळावा लागला. मग तो मायक्रोसॉफ्टसाठी काही महिने कंत्राटावर फोन बनवत होता आणि १ नोव्हेंबर २०१४ ला बंद झाला. पुढे ती जागा सालकॉम्पने घेतली, चार्जर बनवणाऱ्या कंपनीने.

फॅबलेस

बिनतारींच्या 'हक्काचं गिऱ्हाईक' वर परत येतो. हक्काचं गिऱ्हाईक जगात सर्वांत मोठं कुणाकडे? अॅपलकडे. त्यांनी २०१९ मध्ये इंटेलचा मोडेम विभाग सुमारे १०० कोटी डॉलरला घेतला, २२०० च्या आसपास माणसं आली. पहिला स्वतःचा मोडेम, सी१, फेब्रुवारी २०२५ मध्ये आयफोन १६ई मध्ये दिसला, तोही आधी स्वस्तातल्या मॉडेलमध्ये आणि एमएमवेव्ह या अतिवेगवान फाइव्हजी लहरींशिवाय. साडेपाच वर्षं, पैशाला तोटा नाही, गिऱ्हाईक हक्काचं, आणि मधल्या काळात फाइव्हजीचे सगळे आयफोन क्वालकॉमवर. २०११ च्या नोकियाकडे साडेपाच वर्षं होती?

बिनतारी

अॅपल शून्यातून नाही पण मोडक्या घरातून सुरू करत होती. नोकियाकडे चालू स्थितीतला, नेटवर्कवाल्यांच्या शेजारी बसून घडवलेला मोडेम होता. एलटीईचं मानक लिहिणाऱ्यांमध्ये नोकियाची माणसं होती. साडेपाच वर्षं लागली असती की दीड, यावर औलूकरांनी बोलावं, ते त्या इमारतीत होते.

औलूकर

इमारतीत होतो, पण दुसऱ्या मजल्यावर :) मोडेमवाल्या एका जुन्या सहकाऱ्याला विचारून लिहितो. तो सध्या सुट्टीत मासे पकडायला गेलाय, तिथे रेंज असते पण तो फोन उचलत नाही.